कोपऱ्यातला एक माग

दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "तुम्ही इतकी वर्षं सैन्याला माल पुरवलात. देशाच्या बजेटमधला किती हिस्सा संरक्षणावर जावा, यावर तुम्हीच लिहा." मी म्हटलं, "अहो, माल पुरवणारे दुसरे. मी तो तोडायचे." मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मग तेच लिहा."

तर तेच लिहिते. सिल्वासाजवळ रांध्याच्या बाजूला एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात होते. लागले तेव्हा लग्नाची हळद वाळायची होती, निवृत्त झाले तेव्हा केस पांढरे झाले होते. नाशिकहून इथं आले ती नवऱ्याच्या वापीतल्या नोकरीमुळे, आणि वर्षभरात परत जायचं ठरलं होतं. सिल्वासातले बहुतेक मराठी लोक वर्षभरासाठीच आलेले असतात. त्यांची नातवंडं आता इथल्या शाळांत गुजराती कविता पाठ करतात.

आमच्या कारखान्यात पट्टे विणले जायचे. खाटेची नवार सगळ्यांनी पाहिलेली असते. तिचीच नायलॉनची बहीण म्हणजे आमचा पट्टा. जवानाच्या पाठीवरच्या पिशवीचे बंद, तंबूच्या कडा, स्ट्रेचर, कड्यावरून उतरताना कमरेला बांधायचा पट्टा, असं सगळं त्यातून तयार होतं. लांबलचक शेडमध्ये बावीस माग ओळीनं खडखडायचे. आवाज असा की तिथली माणसं घरीसुद्धा ओरडूनच बोलायची. माझ्या नवऱ्याची माझ्याबद्दल शेवटपर्यंत तीच तक्रार होती.

विणलेल्या प्रत्येक लॉटमधून थोडा पट्टा मी कापून घ्यायचे, चाचणी यंत्राच्या दोन जबड्यांत धरायचे आणि तुटेपर्यंत ताणायचे. किती वजनाला तुटतो हे कळल्याशिवाय तो किती वजन पेलेल हे सांगता येत नाही. त्यामुळे व्हायचं असं, की ज्या तुकड्याबद्दल मी छातीठोकपणे बोलू शकायचे तो जगात उरलेलाच नसायचा. बाकीचे त्याचे भाऊबंद, म्हणून त्यांच्यावर विश्वास टाकायचा. कामगारांनी माझं नाव 'तोडफोड मॅडम' ठेवलं होतं आणि मला ते आवडायचं.

माल तपासायला सरकारी अधिकारी यायचे. शेजारी गुजरातेत दारूबंदी आणि सिल्वासात नाही, त्यामुळे आमच्याकडे यायला कोणी कधी कुरकुर केली नाही. एकच जण वेगळा निघाला. तो चहासुद्धा घ्यायचा नाही. घरून आणलेलं ताक प्यायचा आणि पट्टा खिडकीशी धरून तासन्‌तास बघत बसायचा. त्याचा सगळा जीव रंगात. सैन्याचा हिरवा हा एकच हिरवा असतो. तो जरा पिवळ्याकडे झुकला की माल नापास. मी त्याला म्हटलं, "साहेब, बळाला तर पास आहे ना?" तो म्हणाला, "मॅडम, शत्रूला बळ दिसत नाही, रंग दिसतो."

नापास माल विकता यायचा नाही. सैन्याच्या धाटणीचा पट्टा बाजारात जाता कामा नये, म्हणून त्याचे वीतभर लांबीचे तुकडे करून फेकायचे असा नियम होता. ट्रक ओढून नेईल इतका बळकट पट्टा, आणि बायका कात्र्या घेऊन त्याचे तुकडे करत बसायच्या. कापताना मी तिथे उभी राहायचे, कारण सही माझी असायची. माहेरी असताना ताटातला भाताचा कण टाकू न देणारी मी. पहिल्या वेळी मला रडू आलं होतं.

त्या कापणाऱ्या बायकांत मंगलीबेन होती. सुरंगीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची, माझ्याच वयाची, तपासणीच्या टेबलावर काम करणारी. तिच्या बोटांखालून पट्टा सरकायचा आणि दोष आला की बोटं आपोआप थांबायची. बोलायची कमी. एकदा असाच नापास लॉट कापताना तिनं एक तुकडा हातात घेऊन ताणून बघितला आणि विचारलं, "मॅडम, ह्यो किती वजन घेते?"

मी सांगितलं.

"तेच्यात बाया किती?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तिनं सांगितलं. तिच्या पाड्याच्या अलीकडे एक ओहोळ आहे. पावसाळ्यात त्यातून गाडी येत नाही. आजारी माणूस असो की अडलेली बाई, साडीची नाहीतर चादरीची झोळी करायची, बांबूला बांधायची आणि चौघांनी ओहोळ ओलांडून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचं. तिथून पुढे गाडी मिळते. "साडी जुनी असते ना, मॅडम. नवी कोन बांधणार? मग फाटते." तिची मुलगी सविता पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. दिवस भर पावसाळ्यातच भरत होते.

"ह्यातला एक लांब तुकडा न कापता द्या," ती म्हणाली. तो तुकडा मला देता येत नव्हता. पण आमच्या मागावर नवा पट्टा विणायला कोणाची ना नव्हती. रंग वेगळा ठेवला की झालं. मी शेठकडे गेले. आमचे शेठ मूळचे सुरतेकडचे, देवभोळे आणि हिशेबी, दोन्ही एकाच वेळी. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लई लो ने बेन, कोपऱ्यातला एक लूम. पुण्यनुं काम छे." माग घेऊन टाका, पुण्याचं काम आहे. कंपनीला समाजकार्यासाठी काही खर्च करावाच लागतो, तो यात दाखवता येईल हेही त्यांनी त्याच श्वासात सांगितलं. मला त्यात काही गैर वाटलं नाही. पुण्याला हिशेब चालतो.

माग लावून द्यायला दगाजी आला. दगाजी आमचा जॉबर, म्हणजे माग चालता ठेवणारा माणूस. धुळ्याकडचा, किलवणीला खोली घेऊन राहणारा, बोलण्यात अहिराणी, हिंदी आणि गुजराती यांची खिचडी. त्याचा मुलगा सैन्यात होता. त्यामुळे बजेटच्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये एक वेगळाच सोहळा असायचा. इतर ठिकाणी लोक टॅक्ससाठी टीव्हीसमोर बसतात, आमचे लोक संरक्षणाचा आकडा ऐकायला बसायचे. आकडा वाढला की दगाजी कँटीनच्या उंबऱ्यावर नारळ फोडायचा, आणि तो दरवर्षी वाढायचाच. मग टीव्हीवरचे विद्वान उंटावरून शेळ्या हाकायला लागायचे, की एवढा कशाला किंवा एवढ्यानं काय होतं. त्यातला बराचसा पैसा पगारात, पेन्शनीत आणि विमानांत जातो, आमचा पट्टा म्हणजे त्या हत्तीच्या शेपटीवरचा केस, हे मी दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी कोणी ऐकायचं नाही. नारळाचं खोबरं मात्र मीही खायचे.

झोळीचा आराखडा मंगलीबेनचा. बांबू जाईल असे दोन रुंद फासे, पाठीखाली पट्ट्यांची जाळी, पाय घसरू नयेत म्हणून खाली एक आडवा पट्टा आणि अंगावरून घ्यायला दोन बंद. "बाई कळा आल्या की हलते," ती म्हणाली, "बांधायला पायजे, पण पोटावर नाय." मी तीस वर्षं पट्ट्यांच्या शेजारी बसले होते, पण हे मला सुचलं नसतं, कारण मी कधी झोळीत पडले नव्हते आणि कोणाला उचललंही नव्हतं. दगाजीनं काळ्या धाग्याचा पट्टा विणून दिला. शिलाई खात्यातल्या बायकांनी जेवणाच्या सुट्टीत बसून ती शिवली. एकच झोळी झाली, आणि फार देखणी झाली. बायकांनी ती शेडमध्ये मिरवली. एका हेल्परला तीत निजवून दोन फेऱ्या मारल्या.

आणि मग ती माझ्या टेबलावर आली. आमच्या कारखान्यातून वजन पेलणारी कुठलीही वस्तू तोडून बघितल्याशिवाय बाहेर जायची नाही. हा नियम सरकारचा नव्हता, माझा होता, आणि तो मी स्वतः शेठच्या मेव्हण्याच्या मालालाही लावलेला होता. अडलेल्या बाईला न्यायची वस्तू, मग तिला तर लावायलाच हवा. नमुना तोडायचा, आकडा घ्यायचा, मग त्याबरहुकूम पन्नासेक झोळ्या करायच्या, असं ठरलं होतं. कोणालाही त्यात वावगं दिसलं नाही. मंगलीबेनलाही नाही.

यंत्राभोवती ही गर्दी झाली. शेठसुद्धा आले. बांबूच्या जागी लोखंडी दांडा घातला आणि मी ताण वाढवायला लागले. मंगलीबेन काट्याकडे बघत मोजत होती. मी तिला सांगितलं होतं की इथपर्यंत आला की एक बाई. "एक बाई!" ती ओरडली. सगळे हसले. "दोन बाया!" झोळी ताठ झाली, शिलाई कुरकुरली नाही. "तीन बाया! चार!" दगाजी म्हणाला, "आखा पाडा बसाडा तिन्हामा!" पुढे पुढे बायका एका सुरात मोजायला लागल्या. शेवटी फाशाजवळची शिलाई उसवत गेली आणि मोठा आवाज होऊन झोळी फाटली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मंगलीबेनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आनंदाचं. माझ्या नोकरीतला तो सर्वांत चांगला दिवस होता असं मी त्या संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

आज आठवलं की वाटतं, काटा दोन बायांवर आला तेव्हाच कोणीतरी मला थांबवायला हवं होतं. दोन पुरेशा होत्या.

पुढच्याच आठवड्यात सीमेवर काहीतरी झालं. काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच असेल. आमच्यापर्यंत ते ऑर्डरच्या रूपानं आलं. तातडीची आणि भली मोठी ऑर्डर. शेठनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. रविवारची सुट्टी बंद, ओव्हरटाइम चालू, बावीसच्या बावीस माग हिरव्या पट्ट्याला. लोकांचे चेहरे उजळले. त्यांना नावं ठेवू नका. नंदुरबारला घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाला ओव्हरटाइम म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. तरी सीमेवरच्या बातमीवर आमच्याकडे पेढे वाटले गेले हे खरं आहे, आणि ते आठवून मला लाज वाटते.

मी उठले आणि म्हटलं, "शेठ, एकवीस घ्या. कोपऱ्यातला एक राहू द्या. पावसाआधी झोळ्या झाल्या पाहिजेत."

शेठ काही बोलायच्या आधी दगाजी उभा राहिला. तो मला कधी उलटून बोलला नव्हता. त्या दिवशीही आवाज चढला नाही. "मॅडम, मी तुमले एक इचारस. त्या एक लूमना पट्टा महिनाभरमा कितला जवानस्ना पाठवर जातीस? आनि ज्यास्ना पाठवर जाव्हाव नहीत, ते कोन्हा पोऱ्या शेतस, ते मले सांगा. मना पोऱ्या तठे बरफमा उभा शे."

एका मागाचा पट्टा किती जवानांच्या पाठीवर जातो, आणि ज्यांच्या पाठीवर तो जाणार नाही ती मुलं कोणाची, असं तो विचारत होता. मी काय सांगणार होते? टीव्हीवर हीच चर्चा चालते तेव्हा टक्के असतात, तक्ते असतात, शेजारच्या देशाशी तुलना असते. इथे समोर एक बाप होता आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्याकडे जे होतं ते एक ओहोळ, एक सविता आणि कधी येईल ते ठाऊक नसलेला दिवस. बर्फातल्या मुलापुढे ते मांडायला माझी जीभ रेटेना.

मंगलीबेनच बोलली. "पयले त्यांना द्या, मॅडम. तो पन कोनाचा तरी पोरच हाय ना. आमचा मागून करा. पाऊस अजून लांब हाय."

शेठनी हात जोडले. "बस, आ ऑर्डर पती जाय एटले लूम तमारो." ही ऑर्डर संपली की माग तुमचा. झालं, बैठक संपली. दगाजी मंगलीबेनजवळ गेला आणि तिच्या पायांना हात लावायला वाकला. ती मागे सरली. "काय करता दगाजीभाऊ, मना पाप लागल," असं म्हणाली आणि हसली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. "मॅडम, ती फाटलेली झोळी तरी द्या. मी घरी शिवून घेते."

मी नाही म्हटलं. तुटेपर्यंत ताणलेल्या पट्ट्याचा धागा आतून गेलेला असतो. वरून शिवला तरी तो कुठे सुटेल याचा भरवसा नसतो. मी तिला हे नीट समजावलं, आणि ते शास्त्राप्रमाणे अगदी बरोबर होतं. आजही कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. पण फाटलेली ती झोळीसुद्धा जुन्या साडीपेक्षा बळकट असती का, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही, आणि नंतर विचारायला झोळी उरली नव्हती.

पुढचे महिने कसे गेले ते सांगता येत नाही. मागांना उसंत नव्हती. दगाजी शेडमध्येच झोपायचा. दर दोन दिवसांनी ट्रक भरायचा, आणि ट्रक निघाला की तो बोनेटला हात लावून नमस्कार करायचा. मीही घाईत एकही लॉट न तोडता सोडला नाही. त्या ऑर्डरचा एक पट्टा माझ्या हातून कच्चा गेला नाही, हे मी अभिमानानं सांगते. त्या वर्षी दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही.

मालाचा शेवटचा भाग तयार झाला तेव्हा पाऊस लागला होता. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात तसं झालं. सैन्याकडून निरोप आला की सध्या माल ठेवायला जागा नाही, पुढे कळवू तेव्हा पाठवा. सीमेवरही निवळलं होतं. आमच्या गोदामात हिरव्या गुंडाळ्या छताला टेकल्या. माल गेलेला नव्हता, म्हणून ऑर्डर कागदावर चालूच होती. ऑर्डर चालू म्हणून माग मोकळे झाले नव्हते. अजून मागणी आली तर हाताशी असावेत, असं शेठचं म्हणणं. मी दोनदा त्यांच्याकडे गेले. "आठ दिवस थांबो, बेन," ते दोन्ही वेळा म्हणाले. कोपऱ्यातला माग हिरवा धागा लावून नुसता उभा होता. मंगलीबेनचं टेबल गोदामाच्या दाराशीच होतं. मान वर केली की तिला त्या गुंडाळ्या दिसायच्या.

मग ती आठवडाभर आली नाही.

आली त्या दिवशी तिनं टेबलावर बसून पट्टा बोटांखाली घेतला आणि काम करता करताच मला सांगितलं. सविताला पहाटे कळा सुरू झाल्या. दोन साड्या एकावर एक घालून झोळी केली. ओहोळाला पाणी होतं. मधोमध आले आणि गाठीजवळ साडी फाटली. सविता दगडांवर आपटली. पुरुषांनी तिला पाण्यातून उचललं, खांद्यावर, हातांवर, जसं जमेल तसं रस्त्यापर्यंत नेलं. पुढे गाडी वेळेवर मिळाली, दवाखान्यातही लगेच घेतलं. "पोरगी वाचली, मॅडम. पोरगा नाय वाचला. पोरगा होता." एवढं सांगून ती परत पट्टा बघायला लागली. तिची बोटं थांबली, तिनं तिथं खडूनं खूण केली. खरोखरच तिथे दोष होता.

मी तिच्याशेजारी स्टुलावर बसून राहिले. मला फार वाईट वाटत होतं आणि ते तिला सांगण्याचीही सोय नव्हती, कारण मग तिलाच माझी समजूत काढावी लागली असती.

दगाजीला कोणी सांगितलं ते मला माहीत नाही. दुपारी तो टेबलापाशी येऊन उभा राहिला. "ताई," एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "बसा भाऊ." तो बसला नाही. त्यानंतर बरेच दिवस त्यानं कँटीनमध्ये येणं सोडलं. डबा मागांच्या मागे उभ्यानंच खायचा.

दिवाळी झाली आणि गोदामातला माल गेला. त्याच संध्याकाळी शेठ स्वतः खाली आले. त्यांनी कोपऱ्यातल्या मागाला हात लावला आणि म्हणाले, "लई लो, बेन." मला वाटतं त्यांनाही ते लागलं होतं. हिशेबी माणसाला दुःख होत नाही असं थोडंच आहे? दगाजीनं हिरवा धागा उतरवून काळा लावला. त्या कामाचा ओव्हरटाइम त्यानं घेतला नाही. झोळ्या झाल्या. मी या खेपेला दोन नमुने मागून घेतले, एक तोडला आणि दुसरा हातात धरून ठेवला. सुरंगीच्या बाजूच्या पाड्यांवर आज त्या आहेत. सविताचं पुढचं बाळंतपण त्यातल्याच एका झोळीतून ओहोळ ओलांडून झालं. मुलगी झाली.

संपादकबाईंना आकडा हवा आहे. तो मला येत नाही. सैन्याला कमी द्या असं मी म्हणणार नाही. मी ज्या मुलांसाठी पट्टे तोडले त्यांच्यातला एकही मला परका वाटला नाही. माझ्यापुरता हा सगळा प्रश्न बावीसांतल्या एकाचा होता, आणि तो एक मागताना मी दगाजीच्या एका वाक्यापुढे गप्प बसले.

झोळ्या होऊन काही दिवस झाले असतील. दगाजी पेढ्यांचा पुडा घेऊन टेबलाशी आला. मुलाचा फोन आला होता. तिकडे वर, उतारावर त्याचा पाय सरकला होता. खाली खोल दरी. कमरेचा पट्टा दोराला अडकवलेला होता, त्यानं धरलं. वर ओढून घेईपर्यंत तो त्या पट्ट्यावर लटकत होता. पट्टा आमच्याकडचा होता, सुरुवातीच्या ट्रकांतून गेलेला. मुलानं आतल्या बाजूची लॉटची खूण पाहून बापाला सांगितलं होतं. सांगता सांगता दगाजी रडायला लागला. मीही रडले. त्या पट्ट्याचा भाऊबंद माझ्या यंत्रावर तुटलेला होता.

मंगलीबेननं पेढा घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला. "वाचला ना? बरा झाला. लय बरा झाला," ती म्हणाली. दगाजी पुढच्या टेबलाकडे गेला. तिनं हात पुसले, पट्टा पुढे ओढला आणि माझ्याकडे न बघता हळूच विचारलं,

"मॅडम, एक लूम आमचेकडं ऱ्हायला असता, तरी पन तो वाचलाच असता ना?"

मी गोदामाकडे बघितलं. पावसाळाभर छतापर्यंत भरलेलं ते आता रिकामं होतं.

"हो," मी म्हटलं, "वाचला असता."

तिनं मान हलवली आणि पट्टा बोटांखालून सोडायला लागली.